वार्षिक वाढ आणि नाकारलेली वाढ : सोनी कंपनीच्या ध्वनियंत्र व्यवसायाचा ऐतिहासिक अभ्यास (१९४६ ते १९८२)

बीजशब्द : वार्षिक वाढ, ध्वनिमुद्रण यंत्र, ट्रान्झिस्टर रेडिओ, वॉकमन, कायम नोकरी, उद्योगसंस्थेचा इतिहास

१. प्रस्तावना

उद्योगसंस्थेचा वार्षिक अहवाल हाती आला की वाचकाची नजर प्रथम एका आकड्याकडे जाते. गेल्या वर्षाच्या तुलनेत विक्री किती टक्क्यांनी वाढली, हाच तो आकडा होय. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमातही संस्थेची प्रकृती तपासण्याचे पहिले साधन म्हणून या आकड्याचा परिचय करून दिला जातो. वाढ म्हणजे यश आणि घट म्हणजे अपयश, असे एक साधे समीकरण त्यातून आपल्या मनात रुजते. परंतु 'वार्षिक' या शब्दाने घातलेली बारा महिन्यांची मर्यादा हिशेबाच्या सोयीसाठी असते. नवे यंत्र घडविण्यास, त्याला ग्राहक मिळविण्यास आणि ते घडविणारे कामगार शिकवून तयार करण्यास लागणारा काळ या मर्यादेत बसतोच असे नाही.

ही विसंगती ज्या उद्योगांत ठळकपणे दिसते, त्यांत ध्वनियंत्रांचा उद्योग अग्रभागी आहे. ध्वनिमुद्रण यंत्र, रेडिओ, कॅसेट यंत्र, कॉम्पॅक्ट डिस्क अशी वस्तूंची पिढी येथे दर काही वर्षांनी बदलते. एका वर्षी मागणी कित्येक पटींनी वाढते, तर त्यानंतर लवकरच तीच वस्तू कालबाह्य होते. अशा उद्योगात 'यंदा किती वाढ झाली?' या प्रश्नाइतकाच 'यंदा वाढलेल्या कारखान्याचे पुढच्या वर्षी काय करायचे?' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

जपानमधील सोनी कंपनीचा प्रारंभीचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. पुढे जगभर पसरलेल्या या कंपनीने आपल्या उमेदवारीच्या काळात मोठी मागणी एकाहून अधिक वेळा जाणीवपूर्वक नाकारली किंवा तिला लगाम घातला. हे निर्णय का घेतले गेले, त्यांचा भार कोणी वाहिला आणि त्यांवरून वार्षिक वाढीच्या मोजमापाविषयी काय शिकता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व साधने

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) १९४६ ते १९८२ या काळातील सोनीच्या ध्वनियंत्र व्यवसायाच्या वाढीचे टप्पे समजून घेणे.
२) मोठ्या मागणीला नकार देण्याच्या निर्णयांमागील कारणांची चिकित्सा करणे.
३) या वाढीत कामगार आणि भागधारक यांचे स्थान काय होते, ते तपासणे.
४) वार्षिक वाढ या मोजमापाची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करणे.

साधनांविषयी आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. या विषयावरील सर्वांत परिचित साधन म्हणजे कंपनीचे सहसंस्थापक अकिओ मोरिता यांचे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेले 'मेड इन जपान' हे आत्मकथन. ते मूळ घटनांनंतर सुमारे तीस वर्षांनी आणि यशाच्या शिखरावरून लिहिले गेले आहे. यशस्वी माणूस मागे वळून पाहतो तेव्हा योगायोगालाही धोरणाचे रूप येते, हे इतिहासाच्या अभ्यासकाला ठाऊक असते. म्हणून त्यातील कथने जशीच्या तशी न स्वीकारता, त्या काळातील उत्पादनक्षमता, वस्तूंचे स्वरूप व नोकरीची पद्धत यांच्याशी ती पडताळून पाहण्याची भूमिका येथे घेतली आहे.

३. स्थापना : आकारवाढीविषयी सुरुवातीची भूमिका

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर टोकियो शहराचा मोठा भाग बेचिराख झाला होता. निहोनबाशी भागातील शिरोकिया या बॉम्बवर्षावात पोळलेल्या दुकानइमारतीत मासारू इबुका या अभियंत्याने १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये एक छोटी कार्यशाळा सुरू केली. युद्धकाळात नौदलाच्या एका संशोधन गटात इबुकांशी परिचय झालेले मोरिता पुढे त्यांना येऊन मिळाले. मोरितांचे घराणे नागोया परिसरातील जुने मद्य-उत्पादक होते आणि ज्येष्ठ पुत्र म्हणून त्या व्यवसायाची गादी त्यांच्याकडे येणार होती. ७ मे १९४६ रोजी 'टोकियो त्सुशिन कोग्यो' म्हणजे टोकियो दूरसंचार अभियांत्रिकी कंपनी या नावाने संस्थेची रीतसर स्थापना झाली. भागभांडवल १,९०,००० येन आणि मनुष्यबळ वीसेक माणसांचे होते.

इबुका यांनी १९४६ च्या जानेवारीत कंपनीचा जो संकल्पनालेख लिहिला, तो या अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचा आहे. अनुचित नफ्याच्या मागे लागायचे नाही, केवळ आकार वाढावा म्हणून विस्तार करायचा नाही, मोठ्या कंपन्यांना आपल्या आकारामुळेच ज्या क्षेत्रांत शिरता येत नाही तेथे लहान राहून काम करायचे आणि कर्मचारी निवडून, शक्य तितके कमी घ्यायचे, असा त्याचा आशय आहे. हा लेख यशानंतरचा नसून स्थापनेपूर्वीचा आहे. त्यामुळे आकारवाढीविषयीचा संकोच ही पुढे रचलेली कथा नाही, हे मान्य करावे लागते. अर्थात, ज्या संस्थेजवळ भांडवलच नाही तिने लहान राहण्याचे तत्त्व सांगणे यात परिस्थितीची अपरिहार्यताही होतीच.

प्रारंभीचे प्रयोग फारसे यशस्वी ठरले नाहीत. विजेवर भात शिजविण्याचे लाकडी भांडे तयार केले गेले, परंतु त्यात भात कधी कच्चा राहत असे तर कधी जास्त शिजत असे. तुलनेने रेडिओ दुरुस्ती आणि जुन्या रेडिओवर लघुलहरी ऐकता याव्यात म्हणून बसवावयाचे जोडयंत्र यांना मागणी होती. युद्धकाळात ज्या प्रक्षेपणांवर बंदी होती ती ऐकण्याची लोकांची उत्सुकता हे या मागणीमागील कारण होते.

४. ध्वनिमुद्रण यंत्र : वस्तू तयार, ग्राहक अनुपस्थित

जपानी नभोवाणीच्या कार्यालयात एका अमेरिकी अधिकाऱ्याकडे इबुकांनी फितीवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र पाहिले आणि तशाच यंत्राची निर्मिती करण्याचा निश्चय केला. यंत्राची जुळणी शक्य होती, पण फीत कोठून आणायची? जपानमध्ये प्लास्टिक दुर्मीळ असल्याने कागदाची फीत कापली गेली. नोबुतोशी किहारा या तरुण अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोहाचे एक संयुग चक्क तव्यावर भाजून चुंबकीय भुकटी मिळविली व ती मऊ केसांच्या ब्रशाने हाताने कागदावर लावली. ध्वनिमुद्रण सुस्पष्ट होण्यासाठी आवश्यक असलेल्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या तंत्राचे जपानी पेटंटही कंपनीने आपल्या आवाक्याबाहेरची रक्कम मोजून भागीदारीत विकत घेतले.

१९५० मध्ये 'जी' प्रकारचे यंत्र बाजारात आले. त्याचे वजन ३५ किलो आणि किंमत सुमारे १,६०,००० येन होती. त्या काळी जपानमधील विद्यापीठीय पदवीधराचा मासिक पगार १०,००० येनपेक्षाही कमी असे. यंत्र पाहायला लोक जमत, स्वतःचा आवाज ऐकून हरखून जात आणि रिकाम्या हाताने परत जात. मोरितांनी लिहिले आहे की, याच सुमारास एका जुन्या वस्तूंच्या दुकानात एक गिऱ्हाईक पुरातन भांड्यासाठी यंत्राच्या किमतीहूनही अधिक रक्कम सहज मोजताना त्यांनी पाहिले. किंमत परवडत नाही म्हणून लोक यंत्र घेत नाहीत हा समज त्यामुळे ढासळला. ज्याला वस्तूचे मोल कळते तोच ती विकत घेतो, आणि हे मोल त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे उत्पादकाचे काम आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्यानुसार शोध सुरू झाला तो ग्राहकाचा नव्हे, तर गरजेचा. युद्धानंतर लघुलेखकांची टंचाई भासत असल्याने न्यायालयांचे काम खोळंबत होते. परिणामी सर्वोच्च न्यायालयाने वीसेक यंत्रे घेतली. त्यानंतर शाळांकडे लक्ष गेले. दृक्श्राव्य शिक्षणावर त्या काळात भर दिला जात होता व नभोवाणीवरील शालेय कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून सोयीच्या वेळी वर्गात ऐकविणे शिक्षकांना उपयुक्त वाटत होते. १९५१ मध्ये आलेले 'एच' प्रकारचे यंत्र १३ किलोचे होते आणि ते शाळांना परवडेल, उचलून नेता येईल असेच योजले होते. कंपनीच्या वाढीचा पहिला खरा टप्पा हा होय.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तव्यावर भुकटी भाजण्याच्या काळातील हिशेबाच्या वह्यांत वाढ शोधू जाता ती सापडणार नाही. तेथे दिसेल तो केवळ खर्च. पण पुढील विक्री शक्य झाली ती त्याच खर्चामुळे. म्हणजे वाढ ज्या वर्षी नोंदली जाते त्या वर्षी ती घडलेली असतेच असे नाही.

५. ट्रान्झिस्टर रेडिओ आणि नाकारलेली एक लाखाची मागणी

१९५२ मध्ये इबुका अमेरिकेला गेले असता ट्रान्झिस्टरच्या पेटंटचा परवाना उपलब्ध होत असल्याचे त्यांना समजले. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीकडून हा परवाना घेण्यासाठी २५,००० डॉलर मोजावे लागणार होते. परकीय चलनाच्या तुटवड्यामुळे जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने या लहानशा कंपनीला ती रक्कम बाहेर पाठविण्याची अनुमती देण्यास बराच विलंब लावला. करार १९५३ मध्ये झाला, तर अनुमती १९५४ मध्ये मिळाली. ट्रान्झिस्टरचा ग्राहकोपयोगी वापर फार तर श्रवणयंत्रात होईल, असे परवाना देणाऱ्यांचे मत होते. काझुओ इवामा यांनी १९५४ च्या आरंभी अमेरिकेतील कारखाने पाहून टिपणे पाठविली आणि त्यांवरून टोकियोत प्रयोग सुरू झाले. प्रारंभी तयार होणाऱ्या शंभर ट्रान्झिस्टरांपैकी मोजकेच रेडिओत वापरण्याजोगे निघत. तरीही इबुकांनी उत्पादनाचा आग्रह सोडला नाही.

दरम्यान १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये 'रीजन्सी' हा पहिला व्यापारी ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत ४९.९५ डॉलर किमतीला बाजारात आला. त्यामुळे पहिलेपणाचा मान टोकियोला मिळाला नाही. १९५५ मध्ये मोरिता आपल्या रेडिओचे नमुने घेऊन न्यूयॉर्कला गेले. तेथे बुलोव्हा या नामांकित घड्याळ कंपनीने एक लाख रेडिओंची मागणी नोंदविण्याची तयारी दर्शविली. अट एकच होती : रेडिओवर नाव बुलोव्हाचे असेल. ही मागणी कंपनीच्या तोवरच्या एकूण भांडवलाहूनही मोठ्या रकमेची होती, असे मोरिता नमूद करतात. टोकियोतील सहकाऱ्यांचा कल ती स्वीकारण्याकडे होता. मोरितांनी मात्र नकार दिला. 'सोनी' हे नाव कोणाच्याही परिचयाचे नसले तरी पन्नास वर्षांनी ते बुलोव्हाइतकेच प्रसिद्ध झालेले असेल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

या प्रसंगाचे वर्णन सामान्यतः स्वाभिमानाची कथा म्हणून केले जाते. परंतु त्याची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेत दाखविलेल्या त्या नमुन्याच्या बाह्यकवचावरील प्लास्टिकची जाळी उन्हाळ्याच्या उष्णतेने सुटू व वाकू लागली आणि ते प्रारूप बाजारात आणण्याचा बेत सोडून द्यावा लागला. एक लाखाची मागणी स्वीकारली असती, तर त्या वर्षीच्या कागदावर अभूतपूर्व वाढ दिसली असती आणि पाठोपाठ सदोष मालाची परतफेड करण्याची पाळी आली असती. नकार देताना मोरितांना हा दोष ठाऊक नव्हता. त्यामुळे त्यांच्या दूरदृष्टीचे श्रेय येथे मर्यादितच मानले पाहिजे. पण अपरिपक्व वस्तूच्या आधारे घेतलेली मोठी झेप किती धोक्याची असते, हे या योगायोगानेच सिद्ध केले. प्रत्यक्ष विक्रीस आलेला पहिला रेडिओ 'टीआर ५५' हा १९५५ च्या ऑगस्टमध्ये जपानमध्ये १८,९०० येनला उपलब्ध झाला. १९५७ मधील 'टीआर ६३' हा खिशात मावणारा रेडिओ म्हणून गाजला. तो सदऱ्याच्या नेहमीच्या खिशापेक्षा किंचित मोठा असल्यामुळे विक्रेत्यांसाठी मोठ्या खिशाचे सदरे शिवून घेतले गेले, हा तपशील मोरितांनीच मोकळेपणाने सांगितला आहे. जानेवारी १९५८ मध्ये कंपनीने 'सोनी' हेच आपले अधिकृत नाव केले.

६. उलट्या किमतीचे कोष्टक

याच अमेरिका दौऱ्यातील दुसरा प्रसंग वाणिज्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. दीडशेच्या आसपास दुकाने असलेल्या एका साखळीच्या खरेदीदाराने मोरितांकडे ५,०००, १०,०००, ३०,०००, ५०,००० आणि १,००,००० नगांसाठी वेगवेगळे दर मागितले. अधिक नग म्हणजे कमी दर, हा व्यापाराचा सर्वमान्य संकेत. मोरितांनी दिलेले कोष्टक मात्र वेगळेच होते. ५,००० नगांना नेहमीचा दर होता. १०,००० नगांना दर सर्वांत कमी. ३०,००० पासून दर पुन्हा चढू लागला. ५०,००० नगांचा दर ५,००० पेक्षाही जास्त, तर एक लाखाचा त्याहूनही कितीतरी अधिक होता. आलेख काढला असता तो इंग्रजी 'यू' अक्षरासारखा दिसला असता. खरेदीदार चक्रावून गेला. पण स्पष्टीकरण ऐकल्यावर त्याने १०,००० नगांची मागणी नोंदविली.

मोरितांचे स्पष्टीकरण असे होते. एक लाख रेडिओ बनविण्याइतकी क्षमता कंपनीकडे नव्हती. ती उभारायची तर नवी इमारत, नवी यंत्रे आणि नवे कामगार लागतील. पुढच्या वर्षी तेवढीच मागणी आली नाही तर काय करायचे? अमेरिकेत कामगारांना घरी पाठविता येते, पण जपानमध्ये कायम नोकरीच्या प्रथेमुळे एकदा घेतलेल्या माणसाला काढता येत नाही. म्हणून या एकाच मागणीत विस्ताराचा सगळा खर्च भरून निघेल असाच दर लावणे भाग होते.

या कोष्टकात सैद्धांतिकदृष्ट्या महत्त्वाचे असे काही आहे. उत्पादन वाढले की दर नगामागील खर्च घटतो, हे तत्त्व क्षमता उपलब्ध असेपर्यंतच लागू पडते. मोरितांचा १०,००० चा सर्वांत कमी दर म्हणजे त्या क्षमतेची रेषा होती. त्यापलीकडील प्रत्येक नगामागे एक अदृश्य खर्च दडलेला होता, तो म्हणजे पुढील वर्षाच्या अनिश्चिततेचा. वार्षिक वाढीच्या आकड्यात या खर्चाला रकाना नसतो. मोरितांनी त्याला किमतीच्या कोष्टकात रकाना दिला, असे म्हणता येईल.

पुढे अमेरिकेतील वितरक स्वस्त मालाचा आग्रह धरू लागला तेव्हाही कंपनीने हेच धोरण कायम ठेवले. त्या वितरकाशी संबंध तोडून त्याच्याकडील हजारो रेडिओ कंपनीने परत घेतले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये स्वतःची अमेरिकी शाखा स्थापन केली. म्हणजे आपल्याच नावाने आणि आपल्याला पेलेल अशा गतीने विक्री करण्यासाठी तात्कालिक विक्रीवर पाणी सोडण्यात आले.

७. वाढीचे दावेदार : कामगार आणि भागधारक

मात्र या टप्प्यावर थांबल्यास हा इतिहास एकांगी होईल. कामगारांना काढता येत नाही म्हणून वाढीला लगाम, हे मोरितांचे स्पष्टीकरण नैतिकदृष्ट्या आकर्षक आहे. परंतु कायम नोकरीचे हे कवच कोणाला लाभले होते? त्या काळातील जपानी विद्युत उद्योगात रेडिओ जुळणीचे आणि ट्रान्झिस्टर निर्मितीचे बारकाईचे काम प्रामुख्याने माध्यमिक शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ग्रामीण मुली करीत. 'ट्रान्झिस्टर मुली' असे त्यांना म्हटले जाई. सोनीनेही १९६० मध्ये आत्सुगी येथे उभारलेल्या कारखान्यासाठी अशा मुलींची भरती करून त्यांची वसतिगृहात सोय केली. विवाहानंतर त्या नोकरी सोडतील असे सर्वत्र गृहीत धरले जात होते. म्हणजे कायम नोकरीची हमी व्यवहारात मुख्यतः पुरुष कर्मचाऱ्यांपुरती होती. उत्पादनाचा कणा असलेल्या या मुली तिच्या परिघावर होत्या. नाकारलेल्या वाढीच्या कथेत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

१९६१ हे वर्ष या संदर्भात निर्णायक ठरते. ७ मे १९६१ रोजी कंपनीच्या पंधराव्या वर्धापनदिनी कामगार संघटनेने संप पुकारला. सर्व कर्मचाऱ्यांना संघटनेचे सदस्यत्व बंधनकारक असावे, ही मागणी व्यवस्थापनाने फेटाळली होती. पंतप्रधानांसह अनेक प्रतिष्ठितांना निमंत्रणे गेली होती. निदर्शकांनी इमारतीला वेढा दिल्यामुळे समारंभ ऐनवेळी एका हॉटेलात न्यावा लागला. कंपनी हे एक कुटुंब आहे, या व्यवस्थापनाच्या आवडत्या रूपकाला कामगारांनी दिलेले हे सार्वजनिक उत्तर होते.

लगेच पुढील महिन्यात, जून १९६१ मध्ये, सोनीने आपले २० लाख समभाग अमेरिकी ठेव पावत्यांच्या रूपाने तेथील बाजारात विक्रीस आणले. असे करणारी ती पहिली जपानी कंपनी होती. त्यासाठी अमेरिकी पद्धतीचे एकत्रित ताळेबंद तयार करावे लागले आणि हिशेब नव्याने मांडावे लागले. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात कंपनीची नोंदणी झाली.

एका महिन्याच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना एकत्र पाहिल्या पाहिजेत. एकीकडे वाढीतील आपला वाटा व आपला आवाज मागणारे कामगार होते, तर दुसरीकडे वाढीच्या अपेक्षेने पैसा गुंतविणारे दूरदेशीचे भागधारक. १९५५ मध्ये वाढ नाकारण्याचा निर्णय मोरितांना हॉटेलातील खोलीतून एका पत्रव्यवहारात घेता आला. १९६१ नंतर असा निर्णय शेकडो विश्लेषकांना समजावून सांगावा लागणार होता. अमेरिकी व्यवस्थापकांच्या तिमाही नफ्याच्या हव्यासावर मोरितांनी पुढे वारंवार टीका केली. पण ज्या बाजाराचे ते नियम होते त्याच बाजारात भांडवलासाठी त्यांची कंपनी स्वेच्छेने उतरली होती, ही विसंगतीही नोंदविली पाहिजे.

८. वॉकमन आणि कॉम्पॅक्ट डिस्क : नवी वस्तू, तीच पद्धत

१९७० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीचा आकार बदललेला असला तरी ध्वनियंत्र विभागात जुनी रीत टिकून होती. विमानप्रवासात संगीत ऐकता यावे अशी इबुकांची इच्छा होती. तीमुळे वार्ताहरांसाठीच्या छोट्या कॅसेट ध्वनिमुद्रकातून मुद्रणाची सोय काढून टाकून केवळ ऐकण्याचे स्टिरिओ यंत्र तयार करण्यात आले. ज्यावर मुद्रण होत नाही असे यंत्र कोण घेणार, अशी शंका कंपनीतच व्यक्त झाली. ३०,००० यंत्रे खपली नाहीत तर आपण पद सोडू, असे मोरितांनी सांगितल्याचे प्रसिद्ध आहे.

१ जुलै १९७९ रोजी वॉकमन ३३,००० येन किमतीला बाजारात आला. पहिल्या महिन्यात सुमारे ३,००० यंत्रे विकली गेली. केवळ जुलैचा आकडा पाहणाऱ्या हिशेबनिसाने हे अपयश ठरविले असते. मात्र कंपनीची तरुण माणसे वॉकमन कानाला लावून रस्त्यांतून व रेल्वेगाड्यांतून फिरली, येणाऱ्याजाणाऱ्यांना त्यांनी तो ऐकविला आणि ऑगस्ट संपता संपता पहिली ३०,००० यंत्रे संपली. न्यायालय व शाळांच्या काळातील तंत्र येथे पुन्हा वापरले गेले. ते म्हणजे आधी गरजेची जाणीव करून द्यायची आणि मग विक्रीची वाट पाहायची. पहिल्या दहा वर्षांत सुमारे पाच कोटी वॉकमन विकले गेले आणि हा शब्द मराठीसह जगातील अनेक भाषांत त्या प्रकारच्या कोणत्याही यंत्रासाठी रूढ झाला.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी फिलिप्स कंपनीच्या सहकार्याने विकसित झालेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचे पहिले यंत्र सोनीने १,६८,००० येनला विक्रीस आणले. तव्यावर भाजलेल्या चुंबकीय भुकटीपासून आकड्यांच्या रूपात साठविलेल्या ध्वनीपर्यंतचा हा प्रवास बत्तीस वर्षांचा होता. त्यातील प्रत्येक मोठी वाढ ही आधीच्या काही तोट्याच्या किंवा साशंकतेच्या वर्षांत रुजलेली होती.

९. उत्तरकाळाचा कौल

१९८२ नंतरचा इतिहास हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन नोंदी आवश्यक आहेत. सोनीने १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स ही ध्वनिमुद्रिका कंपनी आणि १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स ही चित्रपटसंस्था विकत घेतली. मार्च १९९५ अखेरच्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री आधीच्या वर्षापेक्षा वाढली होती. परंतु चित्रपट व्यवसायाचे फुगलेले मूल्य हिशेबातून कमी करावे लागल्याने निव्वळ तोटा सुमारे २९३ अब्ज येन झाला. वाढ आणि हानी एकाच वर्षाच्या अहवालात शेजारी शेजारी होती.

दुसरी नोंद वॉकमनची आहे. चालताबोलता संगीत ऐकण्याची कल्पना जगाला देणाऱ्या कंपनीला २००१ मध्ये आलेल्या आयपॉडला वेळीच उत्तर देता आले नाही. यंत्रे बनविणारा विभाग आणि ध्वनिमुद्रिका विकणारा विभाग यांचे हितसंबंध परस्परविरोधी झाले होते. संगीताची प्रत सहज काढता येणे एकाला हवे होते तर दुसऱ्याला नको होते. मार्च २००९ ते मार्च २०१२ अखेरची सलग चार आर्थिक वर्षे कंपनीला तोटा झाला आणि शेवटच्या वर्षी तो सुमारे ४५७ अब्ज येनवर गेला. मोठ्या कंपन्यांना आकारामुळे जेथे शिरता येत नाही तेथे काम करावे, असे १९४६ मध्ये लिहिणारी संस्था साठ वर्षांनी स्वतःच तशी मोठी कंपनी झाली होती.

१०. निष्कर्ष

१) सोनीच्या ध्वनियंत्र व्यवसायातील वाढीचे उगम आणि तिची नोंद यांत अनेकदा काही वर्षांचे अंतर आढळते. वार्षिक आकडा फळ दाखवितो, पेरणी दाखवीत नाही.

२) १९५५ मधील नकारांमागे स्वतःचे नाव, मर्यादित क्षमता आणि कामगारांप्रती दीर्घकालीन बांधिलकी ही तीन कारणे होती. त्यांपैकी क्षमता व बांधिलकी यांना किमतीत स्थान देणारे उलटे कोष्टक हे व्यवस्थापनशास्त्राच्या अध्यापनात आवर्जून वापरावे असे उदाहरण आहे.

३) कायम नोकरीची बांधिलकी सर्वांना सारखी लागू नव्हती. तरुण स्त्री कामगारांचे श्रम वाढीच्या केंद्रस्थानी असूनही त्यांना तिची सुरक्षा लाभली नाही. म्हणून संस्थापकांच्या आत्मकथनांवर आधारलेला इतिहास अपुरा ठरतो.

४) विक्रीतील वाढ आणि संस्थेची प्रकृती यांत थेट संबंध असतोच असे नाही, हे १९९४-९५ च्या अनुभवावरून स्पष्ट होते.

समारोप

वार्षिक वाढीचा आकडा टाकाऊ आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. तो एक साक्षीदार आहे आणि साक्षीदाराची उलटतपासणी करणे हे इतिहासकाराचे काम आहे. ही वाढ कोणत्या वर्षीच्या श्रमाची आहे, पुढच्या वर्षीचा धोका कोणाच्या माथी मारून ती साधली आहे आणि तिचा वाटा कोणाला मिळाला, हे प्रश्न त्याला विचारले गेले पाहिजेत. न्यूयॉर्कमधील खरेदीदाराला मोरितांनी दिलेल्या कोष्टकात यांपैकी एका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर होते. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे आत्सुगीच्या वसतिगृहातील मुलींच्या आणि वर्धापनदिनी इमारतीबाहेर उभ्या राहिलेल्या कामगारांच्या बाजूने शोधावी लागतात. वाणिज्य आणि इतिहास या दोन विभागांनी विद्यार्थ्यांसमोर वार्षिक अहवाल एकत्र उघडून ठेवला, तर ही उलटतपासणी वर्गातच सुरू होऊ शकेल.